४० ठिकाणी पीएलसी आणि एकच प्रश्न: आत्ता तिथे नक्की काय चालू आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका शहराच्या पाणीपुरवठ्याच्या ऑटोमेशनचं काम कंपनीला मिळालंय. पंपिंग स्टेशन आणि उंच टाक्या मिळून ४० ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी पीएलसी (पंप आपोआप चालवणारा छोटा औद्योगिक संगणक) पॅनेल, मध्यवर्ती कंट्रोल रूममध्ये स्काडा (सगळी ठिकाणं एका जागेवरून बघणारी, चालवणारी संगणक प्रणाली) आणि नंतर ५ वर्षं देखभाल. टेंडरप्रमाणे वर्क ऑर्डरनंतर ३० दिवसांत ‘कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट प्लॅन’ द्यायचा आहे. विचारणाऱ्या इंजिनिअरचं म्हणणं: “आमच्याकडे गिट आहे, बॅकअपही घेतो. मग प्लॅनमध्ये अजून लिहायचं काय? आणि यासाठी वेगळा माणूस लागतो का?”

गिट, म्हणजे फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर, हवंच, बॅकअपही हवाच. पण प्लॅन त्यांच्यासाठी लिहायचा नसतो. तो लिहायचा असतो एका प्रश्नासाठी: अमुक स्टेशनवर या क्षणी नक्की काय चालू आहे, ते तसं कोणी आणि का ठेवलं, आणि उद्या ते जळालं तर तसंच्या तसं पुन्हा उभं करता येईल का? प्लॅनमधलं प्रत्येक पान या प्रश्नावर घासून बघा. उत्तराला हातभार लावत नसेल ते पान काढून टाका.

मी स्वतः हे ज्या रात्री शिकलो ती सांगतो. पावसाळा होता, वीज पडून एका स्टेशनच्या पीएलसीचा मेंदू, म्हणजे सीपीयू, गेला. स्टोअरमध्ये स्पेअर होता, लॅपटॉपवर प्रोग्रामचा बॅकअप होता. दीड तासात सीपीयू बसवला, त्यात प्रोग्राम डाउनलोड केला, पंप सुरू झाला आणि आम्ही घरी गेलो. पहाटे ४ वाजता फोन आला की टाकीवरून पाणी वाहतंय, खालच्या वस्तीत शिरलंय.

झालं होतं असं. सहा महिन्यांपूर्वी टाकीचा लेव्हल ट्रान्समीटर, म्हणजे पाण्याची पातळी मोजून पीएलसीला विजेचा सिग्नल देणारं उपकरण, बदलला होता. जुना ० ते ६ मीटरचा, नवा ० ते १० मीटरचा. साइटवरच्या मुलाने तेव्हा जागेवरच पीएलसीला लॅपटॉप लावून स्केलिंग, म्हणजे सिग्नलवरून मीटर काढायचं गणित, बदललं आणि काम चोख केलं. पण तो बदल आमच्या बॅकअपमध्ये आलाच नाही. आम्ही त्या रात्री जुना प्रोग्राम टाकला. पाणी ४.५ मीटरवर आलं की पंप बंद व्हायचा होता. त्या पातळीला नवा ट्रान्समीटर ११.२ मिलिअँपिअर देत होता, आणि जुन्या स्केलिंगला तो आकडा २.७ मीटर दिसत होता. टाकी भरली तरी पीएलसीच्या लेखी ती अर्धी रिकामी होती. पाणी फार वर चढलं की पंप बंद करणारा वरचा फ्लोट स्विच यासाठीच असतो, पण त्याची वायर कोणीतरी काढून ठेवली होती. कोणी, कधी, का, याची नोंद कुठेच नव्हती.

सकाळी मी पॅनेल उघडलं. दाराच्या आतल्या खिशात, प्लॅस्टिकच्या पाउचमध्ये ड्रॉइंग होतं, ओलीने कडा फुगलेलं. त्यावर निळ्या बॉलपेनने लिहिलं होतं: “एलटी बदलला, ०-१०”. म्हणजे माहिती होती, आणि ती माझ्यापासून दोन हातांवर होती. फक्त ज्या लॅपटॉपवरून प्रोग्राम गेला त्याच्यापर्यंत ती कधी पोचली नव्हती. गिटने इथे काहीही केलं नसतं, कारण बदल गिटच्या वाटेने आलाच नव्हता. तुमच्या प्लॅनने ती वाट बांधायची आहे.

आपल्याकडच्या माणसाला ही विद्या समजावताना मी जमिनीच्या कागदांचा दाखला देतो, कारण रचना अगदी तीच आहे. जमिनीला गट नंबर असतो. आज ती कोणाच्या नावावर आहे, कोणता बोजा आहे, हे सातबारा सांगतो. बदल करायचा तर सातबाऱ्यावर कोणी थेट पेन चालवत नाही. आधी फेरफार पडतो. तलाठी नोंद धरतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात, मंडळ अधिकारी मंजूर करतो आणि मगच सातबारा बदलतो. त्यावर फेरफाराचा क्रमांक राहतो, म्हणून वीस वर्षांनीही ‘हे नाव इथे कसं आलं’ ते काढता येतं. आणि कागद व जमीन जुळत नाहीत असा संशय आला तर मोजणी मागवतात. कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटची चार अंगं हीच: ओळख, बदलांवर नियंत्रण, स्थितीची नोंद आणि ऑडिट. तुमच्या ४० स्टेशनना गट नंबर द्या, सातबारा तयार करा, फेरफाराची वही ठेवा आणि मोजणीचं वेळापत्रक लावा. प्लॅन याचाच आहे.

आता गट नंबर कशाकशाला द्यायचे. इथे लोक दोन्ही टोकांना चुकतात. काही जण फक्त प्रोग्राम धरतात. काही जण केबल ट्रेपासून इंडिकेशन लॅम्पपर्यंत सगळं धरतात. असा ३,००० ओळींचा एक तक्ता मी पाहिलाय. दोन महिन्यांत तो कोणी उघडेनासं झालं. माझी कसोटी साधी आहे: ही गोष्ट बदलली आणि कोणालाच कळलं नाही, तर पाणी, पैसा किंवा माणूस यांपैकी कशाला धक्का लागेल का? लागणार असेल तर ती नियंत्रणाखाली घ्या. या कसोटीवर एका स्टेशनच्या साधारण १२ गोष्टी निघतात: पीएलसी प्रोग्राम, एचएमआयची (पॅनेलवरच्या पडद्याची) स्क्रीन फाइल, व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) किंवा सॉफ्ट स्टार्टरचे (मोटर हळूहळू सुरू करणाऱ्या उपकरणाचे) पॅरामीटर, मोडेम आणि स्विचचं सेटिंग, त्यांचं फर्मवेअर (उपकरणातलं सॉफ्टवेअर), आयओ लिस्ट (पीएलसीत येणाऱ्या-जाणाऱ्या सिग्नलची यादी), वायरिंग ड्रॉइंग, ट्रान्समीटरच्या रेंज, प्रोटेक्शन रिलेची सेटिंग, अशा. वर कंट्रोल रूमच्या ३०-४०. एकूण ५०० च्या आसपास नोंदी झाल्या. एवढ्या एक माणूस नीट सांभाळू शकतो.

दोन गोष्टी हमखास सुटतात. एक, सगळ्या स्टेशनना लागू असलेली कंट्रोल फिलॉसॉफी. ती वर्डची फाइल असते म्हणून तिला कोणी गंभीरपणे घेत नाही, पण पंप कधी चालू आणि कधी बंद हे ठरलंय तिथेच. दुसरी, ज्या सॉफ्टवेअरने पीएलसी प्रोग्राम करता त्याची आवृत्ती. नव्या आवृत्तीत प्रोजेक्ट उघडून सेव्ह केला की बऱ्याचदा तो जुन्या आवृत्तीत उघडत नाही. साइटवरच्या लॅपटॉपवर जुनी आवृत्ती असेल तर रात्री दोन वाजता तुमच्या हातात बॅकअप असतो आणि तो वाचता येत नाही. ही बाब किती महाग पडू शकते ते एअरबसने अनुभवलं. ए-३८० विमानाच्या वेळी हॅम्बुर्ग आणि तूलूझचे गट एकाच डिझाइन सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरत होते. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायरिंग, आणि जोडणीच्या वेळी तयार होऊन आलेले वायरिंगचे जुडगे कमी लांबीचे निघाले. विमानं देण्याचं वेळापत्रक सुमारे दोन वर्षं मागे गेलं. म्हणून प्लॅनमध्ये टूल, त्याची आवृत्ती, लायसन्स आणि डोंगल (लायसन्सची यूएसबी किल्ली) कुठे आहे, हे नावानिशी लिहा.

कोडिंग देताना हुशारी करू नका. ‘पीएस-१७-पीएलसी-०१’ एवढं पुरे. त्यात वस्तीचं नाव घालू नका, कंपनीचं नाव घालू नका, दोन्ही बदलतात. मात्र हाच कोड पॅनेलवरच्या स्टिकरवर, ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत, फोल्डरच्या नावात आणि स्काडाच्या टॅगमध्ये अक्षरशः तोच हवा. स्काडात ‘पीएस१७’, ड्रॉइंगवर ‘पंप हाउस नं. १७’ आणि लोकांच्या तोंडी ‘मारुती मंदिराजवळचं’ असं असेल तर फोनवर चुकीच्या स्टेशनचा पंप बंद होतो.

आणखी एक आग्रह. ४० वेगवेगळे प्रोग्राम ठेवू नका. पंप, व्हॉल्व्ह, लेव्हल यांचे ब्लॉक, म्हणजे प्रोग्रामचे पुन्हा पुन्हा वापरायचे तुकडे, एका लायब्ररीत ठेवा, लायब्ररीला आवृत्ती द्या, आणि प्रत्येक स्टेशनचं वेगळेपण एका पॅरामीटर शीटवर काढा: रेंज, स्केलिंग, पंपांची संख्या, चालू-बंदच्या पातळ्या. माझ्या त्या रात्रीचं ० ते १० मीटर अशा शीटवर असतं तर नवा सीपीयू बसवणाऱ्याने ते वाचलं असतं. शिवाय लायब्ररीत दोष सापडला तर कोणत्या स्टेशनवर जुनी लायब्ररी आहे हे एका नजरेत कळतं.

ते एका नजरेत न कळल्याने काय होतं याचं सार्वजनिक नोंदीतलं सर्वांत बोलकं उदाहरण नाइट कॅपिटल या अमेरिकी ब्रोकर कंपनीचं आहे. १ ऑगस्ट २०१२. शेअर बाजाराच्या ऑर्डर पाठवणारे आठ सर्व्हर. नवं सॉफ्टवेअर सात सर्व्हरवर गेलं, आठव्यावर टाकायचं राहिलं, आणि दुसऱ्या कोणी ते तपासलं नाही. नव्या सॉफ्टवेअरने एक जुना फ्लॅग (प्रोग्राममधली चालू-बंदची खूण) नव्या कामासाठी वापरला होता. आठव्या सर्व्हरवर त्याच फ्लॅगने २००३ पासून न वापरलेला जुना कोड जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक सौदे झाले आणि कंपनीला ४६ कोटी डॉलरहून जास्त फटका बसला. मला यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मधला एक प्रसंग. गोंधळ थांबवण्यासाठी त्यांनी नवा कोड काढला, तोही ज्या सात सर्व्हरवर तो बरोबर बसला होता तिथून. त्यामुळे ते सातही आठव्यासारखे वागू लागले. माणसं हुशार होती, पण ‘आत्ता कुठे काय चालू आहे’ याचं उत्तर त्यांच्यासमोर नव्हतं.

तुमच्याकडे हे उत्तर समोर ठेवण्याची स्वस्त युक्ती आहे. प्रत्येक पीएलसीत एका रजिस्टरमध्ये (मेमरीतल्या कप्प्यात) लायब्ररीची आणि पॅरामीटर शीटची आवृत्ती ठेवा आणि स्काडावर ४० स्टेशनची ती एका स्क्रीनवर दाखवा. मंजूर आवृत्तीशी जुळत नसेल ती ओळ लाल. अनेक नव्या पीएलसींमधून प्रोग्रामचा चेकसमही (प्रोग्राममधूनच निघणारा, तो बदलला की बदलणारा आकडा) वाचता येतो. मिळत असेल तर तोच घ्या, कारण आवृत्तीचा आकडा बदलायला माणूस विसरतो, चेकसम विसरत नाही.

बेसलाइन, म्हणजे मंजूर करून गोठवलेल्या स्थिती, तीनच ठेवा. कंट्रोल फिलॉसॉफी आणि आयओ लिस्ट मंजूर झाली की पहिली. फॅक्टरीतली चाचणी, म्हणजे एफएटी झाली की दुसरी. साइटवरची चाचणी, एसएटी झाली की तिसरी, आणि ती स्टेशनगणिक वेगळ्या तारखेला. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये बदलांचा पूर येतो, आणि इथेच बहुतेक प्लॅन मोडतात. कमिशनिंगच्या, म्हणजे साइटवर सगळं सुरू करून बघण्याच्या, दिवसांत प्रत्येक वायर बदलायला फॉर्म मागाल तर मुलं फॉर्म भरणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असेल. त्या काळात नियम दोनच ठेवा: ड्रॉइंगवर लाल पेनने खूण करायची आणि त्याचा फोटो संध्याकाळी ग्रुपवर टाकायचा, आणि पॅनेलचं दार बंद करण्याआधी पीएलसीतला प्रोग्राम लॅपटॉपवर अपलोड करायचा. एसएटीच्या सहीआधी हे सगळं मूळ फाइलींमध्ये उतरलं पाहिजे. लाल खुणा बाकी असतील तर सही नाही.

एसएटीनंतर मात्र फेरफार लागतो. यासाठी मोठं मंडळ नको. तुमचा लीड इंजिनिअर, महापालिकेचे उपअभियंता आणि स्टेशन चालवणाऱ्यांपैकी एक जण, आठवड्याला अर्धा तास. तिसरा माणूस वगळू नका. पंप सकाळी सहाला का चालू असावा लागतो हे त्यालाच ठाऊक असतं.

पाण्याच्या कामात एक खास अडचण येते: सेटपॉइंट, म्हणजे पंप चालू-बंद होण्याच्या ठरवून दिलेल्या पातळ्या आणि वेळा. उन्हाळ्यात पाण्याच्या वेळा बदलतात, ऑपरेटर पातळ्या हलवतो, आणि त्याने त्या हलवायलाच हव्यात. त्याला फेरफारात अडकवलंत तर तो पीएलसी मॅन्युअलला टाकून मोकळा होईल. म्हणून तीन कप्पे करा. ठरलेल्या मर्यादेत ऑपरेटर स्वतः बदलेल, स्काडा कोणी कधी बदललं ते आपोआप नोंदवेल. खुद्द मर्यादा, स्केलिंग, टायमर हे इंजिनिअरच्या लॉगिनने, फेरफार नोंदवून. आणि इंटरलॉक (धोक्याच्या स्थितीत पंप चालू न देणारी अट), ड्राय-रन संरक्षण (पाण्याशिवाय पंप चालू न देणारं), ओव्हरफ्लो फ्लोट, मोटर प्रोटेक्शन यांना तिघांच्या सहीशिवाय हात नाही. हे तात्पुरतं बायपास करायचं तरी बायपास कोणी केलं, कधीपर्यंत, हे एका वेगळ्या यादीत आणि स्काडाच्या स्क्रीनवर पिवळ्या पट्टीत दिसलं पाहिजे. ती काढून ठेवलेली फ्लोटची वायर मला अजून आठवते.

रात्रीच्या बिघाडासाठीही वाट आधीच लिहून ठेवा. आधी पाणी, मग कागद. लीड इंजिनिअर किंवा उपअभियंता यांपैकी एकाची फोनवर परवानगी, काम झाल्यावर अपलोड, आणि २४ तासांत फेरफाराची नोंद. ही वाट अधिकृतपणे दिली नाहीत तरी रात्रीचे बदल होणारच. मग ते तुमच्या नजरेआड होतील.

ऑडिट, म्हणजे मोजणी, दर महिन्याला ४ स्टेशन. दहा महिन्यांत फेरी पूर्ण होते. जाणाऱ्याने पीएलसीतला प्रोग्राम मंजूर प्रोग्रामशी सॉफ्टवेअरच्या कंपेअर सुविधेने ताडून बघायचा, ट्रान्समीटरवरच्या प्लेटची रेंज शीटशी जुळवायची, व्हीएफडीचे पॅरामीटर वाचायचे, दाराच्या खिशातल्या ड्रॉइंगची आवृत्ती बघायची आणि त्यावर पेनाने काही लिहिलंय का ते वाचायचं. फरक सापडला तर साइटवाल्यावर ओरडू नका. एकदा ओरडलात की पुढच्या वेळी बॉलपेनची ओळही सापडणार नाही. आणि वर्षातून दोनदा कोऱ्या सीपीयूवर, घड्याळ लावून, फक्त रिपॉझिटरीतल्या (मंजूर फाइलींच्या भांडारातल्या) फाइलींवरून एक स्टेशन उभं करून बघा. ज्याने मूळ प्रोग्राम लिहिलाय त्याला त्या दिवशी सुट्टी द्या.

गिटबद्दल एवढंच, की पीएलसीचे प्रोजेक्ट बहुधा बायनरी असतात, म्हणजे साध्या मजकुरासारखे ओळीओळीने वाचता येत नाहीत. दोघांनी एकाच वेळी काम केलं तर ते मर्ज होत नाहीत, एकाचं काम जातं. तेव्हा लॉकिंग, म्हणजे एकाने उघडलेली फाइल दुसऱ्याला बंद, लागतं. गिट-एलएफएस (मोठ्या फाइलींसाठीची गिटची जोड) आणि सबव्हर्जन (गिटसारखंच दुसरं सॉफ्टवेअर) यांत ते आहे. पीएलसीतून ठरावीक वेळी प्रोग्राम उचलून आपोआप तुलना करणारी ऑक्टोप्लँटसारखी खास सॉफ्टवेअरंही मिळतात. ४० स्टेशनसाठी आधी वर्षभर हाताने करा. कशाची तुलना हवी हे कळल्यावर विकत घ्या.

पासवर्ड रिपॉझिटरीत ठेवू नका, ते व्हॉल्टमध्ये (पासवर्डच्या वेगळ्या सुरक्षित तिजोरीत). पण ते असले पाहिजेत, आणि महापालिकेकडे सीलबंद प्रत हवी. पॅनेल बनवणाऱ्याच्या आणि व्हीएफडीवाल्याच्या पर्चेस ऑर्डरमध्येच लिहा: कॉमेंटसह मूळ प्रोग्राम, पॅरामीटर फाइल आणि पासवर्ड मिळाल्याशिवाय शेवटचे १० टक्के नाहीत. प्रोग्रामला कुलूप लावून निघून गेलेल्या पुरवठादारापायी धडधाकट पीएलसी फेकून नव्याने प्रोग्राम लिहावा लागलेला मी पाहिलाय.

सातबाऱ्याचा आणखी एक उपयोग आता कायद्याने पुढे आलाय. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग (संगणक प्रणालींच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस ठेवावे लागतात. मोडेमच्या एखाद्या फर्मवेअरमध्ये भोक सापडलं तर ते ४० पैकी कुठे कुठे आहे, हे सहा तासांत गाड्या पाठवून शोधता येत नाही. ते आधी लिहिलेलं असावं लागतं.

प्लॅनच्या साच्यासाठी आयएसओ १०००७ या कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटच्या आंतरराष्ट्रीय मानकाची २०१७ ची आवृत्ती बघा. छोटी आहे आणि तिच्या परिशिष्टात प्लॅनमध्ये काय असावं ते दिलंय. आयईईई ८२८ हे याच विषयाचं दुसरं मानक, पण सॉफ्टवेअरकडे झुकलेलं आणि जाड आहे. टेंडरमध्ये नाव असेल तरच ते घ्या. तुमचा प्लॅन १५-२० पानांत बसायला हवा, त्यातली निम्मी तक्त्यांची.

राहिला माणसाचा प्रश्न. हो, लागतो, पण सगळा वेळ सारखा नाही. एफएटीपर्यंत अर्धा वेळ, कमिशनिंगच्या महिन्यांत पूर्ण वेळ, देखभालीच्या ५ वर्षांत आठवड्याचे दोन दिवस. टेंडर भरताना हा खर्च धरला नसेल तर आत्ताच वरिष्ठांशी बोला. हा माणूस नवशिका डॉक्युमेंट कंट्रोलर नको. पॅनेल उघडून आयओ लिस्ट वाचता येणारा, साइटच्या मुलांशी ओळख असलेला हवा, कारण त्याला अर्धी माहिती चहाच्या टपरीवर मिळणार आहे. पहिल्या आठवड्यात त्याला एक स्टेशन द्या, जिथे जुनं पॅनेल अजून चालू आहे. तिथल्या १२ नोंदी त्याने स्वतः दार उघडून भरून आणाव्यात. किती रकाने रिकामे राहिले आणि कोणते, ते मला इथेच कळवा. प्लॅनचा मसुदा आपण तिथून सुरू करू.